पुण्याचे प्रोफेसर

डायरेक्टरांनी मला सहा वर्षांत एकदाही 'छान' म्हटलं नाही. मलाच नव्हे, कोणालाच नाही. तालमीत त्यांच्याकडे दोनच शब्द असत. जमलं नाही तर 'पुन्हा एकदा', आणि जमलं तर 'पुढे'. बस्स. कॉलेजच्या एकांकिकांमध्ये पाठीवर थापा खाऊन माझी सवय बिघडलेली, त्यामुळे पहिले काही महिने मला वाटायचं की म्हातारा आपल्यावर खार खाऊन आहे. मग एकदा त्यांच्या पत्नीनं, मिचिको-साननी, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पाताकु-सान, ते 'पुढे' म्हणाले की फुलांचा गुच्छ मिळाला असं समजा." माझं आडनाव पाठक. सेंदाईत त्याचं पाताकु झालं होतं आणि मी ते दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

डायरेक्टर जर्मन होते. तिकडच्या एका लहानशा शहराच्या नाट्यगृहाचे ते सव्वीस वर्षं संचालक होते. नाटक निवडायचं, बसवायचं, नटांची भांडणं सोडवायची, नगरपालिकेशी भांडायचं, सगळं त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर मिचिको-सानच्या म्हाताऱ्या आईकडे बघायला म्हणून दोघं सेंदाईला आले, आई गेली तरी इथंच राहिले. दर शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या नागरी केंद्रात एक खोली घेऊन ते नाटक बसवत. मंडळी म्हणजे शेजारपाजारचे निवृत्त लोक, दोन-तीन परदेशी विद्यार्थी, आणि मी. मी विद्यापीठात धातूंवर संशोधन करणारा पोस्टडॉक. सायकलवरून जाताना केंद्राच्या काचेवरची सूचना दिसली आणि आत गेलो. सगळे त्यांना डायरेक्टर म्हणत, म्हणून मीही. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, फक्त मला ते जर्मन पद्धतीनं 'हेर पाठक', म्हणजे श्रीयुत पाठक, म्हणत. त्यांचं जपानी मिचिको-सानच्या आधारानं उभं होतं आणि माझं तर कशाच्याच आधारानं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात मिचिको-सानचं राखाडी किनारीचं कार्ड आलं. घरात कोणी गेलं की इथली माणसं नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत नाहीत, तसं आधीच कळवणारं कार्ड पाठवतात. त्यात एका ओळीत डायरेक्टर गेल्याचं लिहिलं होतं. मी ते कार्ड फ्रिजवर लावलं. दूध काढायला गेलो की नजर आपोआप खाली जायची. तीन दिवसांनी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि हे लिहायला बसलो. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला मला काहीच कष्ट पडणार नाहीत. कष्ट पडणार आहेत ते माझ्याबद्दल लिहायला.

तालमीत ते नेहमी शेवटच्या रांगेत बसत. आमच्याकडे रांगा कसल्या, घडीच्या खुर्च्या. पण वीसच खुर्च्या मांडल्या तरी ते विसाव्या खुर्चीवर. उजव्या हातात पेन्सिल आणि मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. घरी टपालपेटीत पडणाऱ्या सुपरमार्केटच्या जाहिरातींची कोरी बाजू वर ठेवून ते चौकोनी तुकडे कापत. कागद वाया घालवणं त्यांना जमायचंच नाही. तालमीत सुचलेलं सगळं त्या तुकड्यांवर आकडे घालून लिहायचं आणि पुढच्या शनिवारी ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. देताना दोन्ही हातांनी, जपानी पद्धतीनं थोडं वाकून. फक्त वाकताना ते टाचा जुळवत, त्यामुळे सैन्यातून आलेल्या माणसानं पूजेला बसावं तसं दिसायचं. माझ्याकडे अजून अशा चिठ्ठ्यांची एक बरणी आहे. एका बाजूला 'दार उघडण्याआधी तुम्हाला माहीत नसतं की आत कोण आहे', दुसऱ्या बाजूला टोफू आणि बांगडे.

माझी पहिली भूमिका पोस्टमनची. एक जुनं गावरान जर्मन प्रहसन मिचिको-साननी जपानीत आणलेलं, त्यात मला अकरा वाक्यं. जपानी बोलायचं म्हटलं की लाजेनं माझी मान खाली जायची आणि ती अकराच्या अकरा वाक्यं मी माझ्या मोज्यांना ऐकवत असे. डायरेक्टर शेवटच्या खुर्चीवरून उठले, रांगांमधून चालत माझ्यापर्यंत आले, मी जिथं बघत होतो तिथं वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "हेर पाठक, जमिनीनं तिकीट काढलेलं नाही." मंडळी हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून सेमिनारमध्येसुद्धा मी मान वर करून बोलायला लागलो. आमच्या प्रयोगशाळेच्या सेन्सेईंना, म्हणजे प्रमुख प्राध्यापकांना, वाटलं, माझं जपानी सुधारलं.

त्यांची सुरुवात मात्र जमिनीपासूनच झाली होती. ऐन विशीत ते त्याच नाट्यगृहात प्रॉम्प्टर म्हणून लागले. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो. तिकडे त्या काळी रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक असायचं, त्यावर झाकण, आणि खाली माणूस बसलेला. प्रेक्षकांना न दिसणारा, नटांच्या बुटांना नाक लागेल असा. "माझी नाटकाशी ओळख बुटांपासून झाली," ते म्हणायचे. कोणता नट घाबरलाय ते त्याच्या टाचेवरून त्यांना कळे. शब्द कधी द्यायचा यावर तर त्यांचं व्याख्यानच असे. नट थांबला की लगेच द्यायचा नाही. थांबणं त्याचं स्वतःचं असू शकतं. तो डोळ्यांनी मागायला लागला की द्यायचा. आणि असा द्यायचा की त्याला वाटावं, आपल्यालाच आठवलं. "माणसाला उघडं पाडायचं नाही, हेर पाठक. आपण खाली बसलोय ते त्याला झाकायला." मी मान डोलावत असे. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

मोठ्या शहरातून त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मोठ्या शहरात समीक्षक येतो, लिहितो, निघून जातो. आमच्याकडे पाववाला यायचा. पहिल्या रांगेत बसायचा. मी वाईट नाटक केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडूनच पाव घ्यायला लागायचा." एका हिवाळ्यात नाट्यगृहाची हीटिंग बंद पडली तेव्हा सगळं गाव घरून पांघरुणं घेऊन आलं. रंगमंचावर उन्हाळ्याचा प्रवेश, नट पंख्यानं वारा घेतायत, आणि समोर प्रेक्षक कानापर्यंत गुंडाळलेले. दुसऱ्या दिवशी पाववाल्यानं त्यांना पाव दिला आणि म्हणाला, "उकाडा खरा वाटला." सव्वीस वर्षांतली ही एक दाद डायरेक्टरांनी जपून ठेवली होती.

नगरपालिकेला ते नाट्यगृह परवडत नव्हतं. शेजारच्या शहरात विलीन करा, बंद करा, नाहीतर दुकानांना द्या, असं दर दोन-चार वर्षांनी निघायचं. असंच एकदा प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा डायरेक्टरांनी एक मोठ्या जमावाचं नाटक घेतलं आणि जमावात उभं राहायला सगळ्या नगरसेवकांना बोलावलं. दाढ्या लावल्या, फाटके कोट दिले, एकेकाला एकेक वाक्य दिलं. शेवटी पडद्यापुढं ओळीनं उभं करून वाकायला लावलं. महिन्याभरानं मतदान झालं तेव्हा नाट्यगृह बंद करायला हात वर झाले ते जमावात नसलेल्या दोघांचे. ही गोष्ट सांगताना म्हातारा इतका खूश व्हायचा की चहा गार व्हायचा. मिचिको-सान तेव्हा त्याच नाट्यगृहात गाणाऱ्यांच्या तालमींना पियानो वाजवत. त्या म्हणायच्या, "त्या रात्री एका नगरसेवकानं दाढी परत केलीच नाही. घरी घेऊन गेला."

प्रयोगाच्या आधी ते प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करत आणि 'तोय, तोय, तोय' म्हणत. तिकडच्या नाटकवाल्यांचा शकुन. त्यावर 'थँक यू' म्हणायचं नाही, म्हटलं की शकुन फुकट. पहिल्या वर्षी मी सवयीनं म्हणून गेलो तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं, पुन्हा आत यायला लावलं आणि तीन वेळा नव्यानं थुंकले. मी पुण्याचा माणूस. इतक्या अगत्यानं माझ्यावर कोणी थुंकलं नव्हतं.

पाचव्या वर्षी मला काही गोष्टी दिसायला लागल्या. एकच चिठ्ठी दोनदा मिळायची. खोलीची किल्ली खिशात असताना ते ती शोधायचे. त्यांच्या 'पुन्हा एकदा'नंतर आम्ही प्रवेश पुन्हा करायचो आणि ते आम्हाला पहिल्यांदाच बघतायत असे बघायचे. वय झालं, म्हणून आम्ही सोडून देत होतो.

एका मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत निघालो होतो. कोपऱ्यावर कचरा ठेवायच्या जागी, कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीपाशी, डायरेक्टर उभे होते. हातात शहरानं ठरवून दिलेली कचऱ्याची पिशवी, भरलेली. सायकल थांबवली.

"हेर पाठक, आज काय आहे?"

"मंगळवार."

"ते नाही. आज जळणारा कचरा की प्लास्टिक?"

इथं कोणत्या वारी कोणता कचरा ठेवायचा ते ठरलेलं असतं. मी सांगितलं. त्यांनी पिशवी ठेवली, जाळी नीट पसरली, हात झटकले, आणि उभेच राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि मी कुठल्या बाजूनं आलो?"

त्यांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत गेलो. वाटेत ते हवेबद्दल बोलले. दाराशी आल्यावर माझ्या कोपराला धरून म्हणाले, "मिचिकोला सांगू नका. तिला काळजी करायची फार सवय आहे."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "कोणालाच सांगणार नाही."

हे मी शपथेवर बोलल्यासारखं बोललो होतो, त्यांच्याकडे बघून.

त्या वर्षी सेंदाईतल्या मराठी मंडळींचा गणपती त्याच नागरी केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये होता. कार्यक्रमाचं सगळं जोशींकडे. जोशी सॉफ्टवेअर कंपनीत, पंधरा वर्षं जपानात, उत्साहाचा झरा. मला लोकांच्या नकला जमतात हे त्यांना ठाऊक होतं. फोनवर म्हणाले, "अरे, या वेळी सेन्सेईंची नक्कल नको, मागच्या वर्षी झाली. काहीतरी फ्रेश दे. आणि कचऱ्याचं घाल रे त्यात. सगळ्यांची दुखती नस आहे ती, पब्लिक लोळेल."

मी एका संध्याकाळी आरशासमोर उभा राहिलो. पेन्सिल, टाचा जुळवून वाकणं, 'पुन्हा एकदा', खिशातली किल्ली खिशातच शोधणं, सगळं भराभर जमत गेलं. आणि मग मी हातात पिशवी घेतली. खरं सांगतो, घेताना क्षणभर थांबलो होतो. पण ती पिशवी हातात आली आणि सगळी नक्कल उभी राहिली. नकलाकाराला ते कळतं. कळलं की सोडवत नाही.

माझी बायको मेधा हिला मी फक्त 'एका विसराळू म्हाताऱ्याची नक्कल' एवढंच सांगितलं होतं. तिनं आपल्या भोळ्या मनानं डायरेक्टर आणि मिचिको-सानना मोदक खायला बोलावलं. मला हे कळलं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. मी जोशींना गाठलं.

"अहो, ते स्वतःच येतायत."

"मग येऊ देत की. त्यांना मराठी कुठे कळतंय?"

मला हेच ऐकायचं होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांची ही एक खोड आहे. ट्रेनमध्ये, दुकानात, ऑफिसात समोरच्याबद्दल खुशाल मराठीत बोलायचं, जणू मध्ये पडदा ओढलाय. मी आयुष्यभर नाटक करत आलेल्या माणसापासून भाषेच्या आड लपायला निघालो होतो. नकलेत बोलणं जेमतेम चार वाक्यांचं होतं. बाकी सगळं अंगानं.

आरतीनंतर मी हॉलच्या मागच्या खोलीत तयार होत होतो. दार वाजलं. डायरेक्टर आत आले, माझ्या मागं गेले आणि डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकले. तोय, तोय, तोय. मी थँक यू म्हटलं नाही. त्या दिवशी मी नीट पाळलेली एवढी एकच गोष्ट.

नक्कल तुफान झाली. टाचा जुळवल्या आणि हशा सुरू झाला. किल्ली शोधली, हशा. मग मी पिशवी घेऊन मध्यभागी उभा राहिलो, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि म्हटलं, "आज जळणारा की प्लास्टिक?" हॉल कोसळायचा बाकी होता. मी हशा ओसरेपर्यंत थांबलो, आणि मग, सगळं पुरेसं नव्हतं म्हणून, हळू आवाजात विचारलं, "आणि मी कुठल्या बाजूनं आलो?"

लोक डोळे पुसत होते. शेवटच्या रांगेत डायरेक्टर होते. पेन्सिल चालू होती. शेजारी मिचिको-सान, हात मांडीवर, नजर समोर. आणि त्यांच्या पलीकडे मेधा, जी टाळ्या वाजवत नव्हती.

कोणाला सांगणार नाही म्हणालो होतो. नव्वद माणसांना सांगितलं. मिचिको-साननाही सांगितलं, स्टेजवरून, माइक लावून.

मोदकाच्या रांगेत ते दोघं माझ्यासमोर आले. डायरेक्टरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी कदाचित वाचलो असतो. त्यांनी विचारलं, "हा माणूस कोण?"

आणि मी म्हटलं, "पुण्यात माझे एक प्रोफेसर होते."

"होते की आहेत?"

"आहेत."

"विसरतात?"

"हो. थोडं."

"त्यांच्याकडे कोण बघतं?"

"त्यांची पत्नी."

डायरेक्टर बराच वेळ मान हलवत राहिले. मिचिको-सान माझ्याकडे बघत होत्या. मग त्या वाकल्या, नेहमीपेक्षा थोड्या जास्त, मोदक फार छान झालेत म्हणाल्या आणि नवऱ्याच्या कोपराला धरून त्यांना बुटांच्या कपाटाकडे घेऊन गेल्या.

घरी आल्यावर दार लावून मेधा म्हणाली, "खोटं तरी नीट बोलायचंस. तुझ्या पुण्याच्या प्रोफेसरांच्या हातात सेंदाईची कचऱ्याची पिशवी कुठून आली?"

मी वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिलो.

पुढच्या शनिवारी तालमीला गेलो, कारण न जाणं म्हणजे कबुली देणं. डायरेक्टरांनी टाचा जुळवल्या, वाकले आणि दोन्ही हातांनी मला चिठ्ठी दिली. वर मथळा होता, 'पुण्याचे प्रोफेसर'. खाली तीन आकडे.

एक. पेन्सिल उजव्या हातात असते. तुम्ही डाव्या हातात धरली.

दोन. पिशवी भरलेली हवी. रिकामी पिशवी धरलेला माणूस वेगळा उभा राहतो.

तीन. तुम्ही हशासाठी थांबलात. विसरलेला माणूस हशासाठी थांबत नाही. तो फक्त घर शोधत असतो.

मागच्या बाजूला बांगडे होते, ताजे.

त्यानंतर मी तालमीला जायचं थांबवलं. प्रयोगशाळेत मशीन चालू आहे, पेपर लिहायचाय, सेन्सेई सोडत नाहीत. पोस्टडॉकला कारणांची वाण नसते आणि इथं ती कोणी तपासतही नाही. त्यांच्या गल्लीवरून जाणारा रस्ता टाळायला मी रोज पुलाकडून फिरून जाऊ लागलो. त्यांना कळलं की नाही, हे मी स्वतःला सोयीप्रमाणे दोन्ही तऱ्हांनी सांगत असे. कळलं असेल तर त्यांनी मोठ्या मनानं सोडलं. कळलं नसेल तर कशाला उकरून काढा. दोन्हीकडून मला काही करावं लागत नव्हतं. पाववाल्याची गोष्ट तेवढी आठवायची नाही असं ठरवलं होतं.

हिवाळ्यात एकदा टपालपेटीत घडी केलेली चिठ्ठी सापडली. तिकीट नव्हतं, म्हणजे कोणीतरी चालत येऊन टाकली होती. बर्फ होतं त्या दिवशी. अक्षर डायरेक्टरांचंच, पण ओळी खाली घसरत गेलेल्या. 'पुण्याच्या प्रोफेसरांसाठी' असं लिहून खाली: रोज एकाच खुर्चीत बसावं. बाहेरून येताना वळणावरची एक खूण धरून ठेवावी, माझी खूण म्हणजे लाल टपालपेटी. पत्नीवर चिडू नये, ती शब्द लवकर देते पण चांगल्या मनानं देते. आणि सगळ्यात खाली, 'आपला सहकारी', आणि सही.

मी ती चिठ्ठी वाचून बुटांच्या कपाटावर ठेवली आणि आत जाऊन भात लावला. मेधानं ती नंतर वाचली. तिनं मला विचारलं, "उत्तर देणार आहेस?" मी हो म्हटलं. दिलं नाही. काय देणार होतो? पुण्याहून प्रोफेसरांचा नमस्कार?

दीड वर्षानं मला कोबेत नोकरी मिळाली. सामानाची खोकी भरताना मेधा म्हणाली, "जायच्या आधी भेटून ये. मी येणार नाही. हे तुझं आहे." डायरेक्टर तोपर्यंत सबवेच्या शेवटच्या स्टेशनजवळच्या वृद्धनिवासात गेले होते. मिचिको-सान रोज बसनं तिथं जात. मी त्यांना फोन केला. "या ना, पाताकु-सान," एवढंच म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, ना बोल, ना माया. मला बोल चालला असता.

दारात बूट काढले, नाव लिहिलं, चपला चढवल्या. मोठ्या खोलीत दहा-बारा म्हातारी माणसं व्यायामाचं गाणं म्हणत हात वर-खाली करत होती. डायरेक्टर सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. उजवा हात मांडीवर, तीन बोटं जुळलेली, मध्ये पेन्सिल नव्हती. मिचिको-साननी माझं नाव सांगितलं. त्यांनी सभ्यपणे मान लववली, नव्या माणसासमोर लववावी तशी. "मी चहा आणते," मिचिको-सान म्हणाल्या आणि गेल्या. चहाचं यंत्र समोरच दोन पावलांवर होतं. त्या दुसऱ्याच दारानं बाहेर गेल्या.

मी बोललो. ट्रेनमध्ये पाठ करत आलो होतो, त्यामुळे अडलो नाही. "पुण्यात कोणी प्रोफेसर नव्हते. ते तुम्ही होतात. कोणाला सांगणार नाही म्हणून मी तुम्हाला शब्द दिला होता, आणि त्यावर लोकांना हसवलं. मग तुमच्याशी खोटं बोललो. मला लाज वाटते. मला माफ करा."

डायरेक्टर लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी पुढं वाकून, माझ्या आणि त्यांच्या पायांच्या मधली फरशी नीट बघितली.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले. "जमिनीनं तिकीट काढलेलं नाही."

मी मान वर केली. त्यांचे डोळे निळे होते, हे मला सहा वर्षांत नीटसं माहीत नव्हतं. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. या वेळी अडलो. 'लाज वाटते'पाशी आवाज गेला, थांबलो, शब्द सापडेना. त्यांनी मला घाई केली नाही. मी डोळ्यांनी मागायला लागलो तेव्हा अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखे, ते म्हणाले, "माफ."

"माफ करा," मी म्हटलं.

त्यांची तीन बोटं मांडीवर एकदा हलली. "पुढे," ते म्हणाले.

पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. वाक्य जमलं म्हणून ते 'पुढे' म्हणाले होते. अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला म्हणून नव्हे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. व्यायामाचं गाणं संपलं आणि सगळ्यांनी एकमेकांसाठी टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरांनी वाजवल्या नाहीत.

मग पाहुण्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"पुण्याहून."

त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खूश नगरसेवकांच्या दाढ्यांच्या गोष्टीतच बघितलं होतं. त्यांनी माझा हात धरला. "पुणे! तिथं एक प्रोफेसर आहेत. ओळखता? माझे मित्र आहेत. त्यांना पण माझ्यासारखंच आहे. मी रोज त्यांचा विचार करतो. एकटा असतो तर मला भीती वाटली असती."

मिचिको-सान चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"भेटलात तर त्यांना सांगा," डायरेक्टर म्हणाले, "शब्द सापडला नाही तर थांबायचं. घाबरायचं नाही. खाली कोणीतरी बसलेलं असतं."

मी मिचिको-सानकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, काही सुचवलंही नाही. ते माझ्यावरच सोडलं होतं.

"सांगतो," मी म्हटलं. आणि या वेळी मी जमिनीकडे बघितलं नाही.